गुडघा बदलण्याआधी पाय तयार करा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
स.न.वि.वि.

माझी आई कवठेमहांकाळ तालुक्यातली. आयुष्यभर भांगलणीला गेली, उकिडवं बसून गुडघे झिजले. उजवा गुडघा बदलला. टाके सुकले, एक्स-रे चांगला आला, तरी आई चार महिने रात्र-रात्र पाय धरून बसायची. दुखतं म्हणून तिने तो पाय कितीतरी वर्षं जपूनच टाकला होता, मांडीत जीव उरला नव्हता. या ऑपरेशननंतर पहिल्या महिन्यात मांडीच्या पुढच्या स्नायूची निम्मी ताकद जाते. आधीच नसेल, तर माणूस उभा कशावर राहणार?

डाव्याच्या वेळी मिरजेत एक फिजिओथेरपिस्ट बाई भेटल्या. त्यांनी सहा आठवडे आधीच सुरुवात केली. गुडघ्याची वाटी बोटांत धरून हलके वर-खाली सरकवायच्या, आखडलेली मांडी-पोटरी हाताने मोकळी करायच्या. मग गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी: "दाबा मावशी, पाच मोजा." जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा, हेही तेव्हाच शिकवलं. नंतर दुखलं, नाही असं नाही. पण तिसऱ्या आठवड्यात आई वॉकर धरून तुळशीपर्यंत गेली.

असंच हाताने सांधे-स्नायू मोकळे करण्याची ऑस्टियोपॅथी ही उपचारपद्धती अमेरिकेत अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८७४ साली मांडली. तिथे ती शिकलेले पूर्ण डॉक्टर असतात. आपल्याकडे हे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टनेच करावं. झिजलेल्या गुडघ्याला कुणीही झटके देऊ नयेत, हे मी पाहिलंय म्हणून सांगते.

साहेब, ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतीला मर्यादा घातली, म्हणून आम्हाला तो परवडला. त्याचे उपकार विसरणार नाही. पण जत-आटपाडीची बाई आठवड्यातून दोनदा मिरजेला कशी येणार? एसटीत तिला अर्धं तिकीट आहे, सोबतच्या माणसाचा रोज मात्र बुडतो. आमच्या ग्रामीण रुग्णालयांत आठवड्यातले दोन दिवस तरी फिजिओथेरपिस्ट बसू द्या. ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी फिजिओथेरपिस्टकडे जायची चिठ्ठीही हातात पडू द्या.

शेजारच्या काकूंना दिवाळीनंतरची तारीख मिळाली आहे. टॉवेलची गुंडाळी मी करून दिली. वाटी सरकवायला माझा हात शिकलेला नाही.

आपली नम्र,
कवठेमहांकाळ तालुक्यातील एक लेक