टीव्हीवरची आई आणि अमेरिकेचे उपाध्यक्ष

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,

शि. सा. न. वि. वि.

बाबा, नट-नट्या आणि गायकांनी आमच्या देशाची मूल्ये बुडवली असे इथले अमेरिकी परंपरावादी सतत म्हणतात, त्यात तथ्य किती, असे तुम्ही परवा फोनवर विचारलेत. आई मागून म्हणाली, की तथ्य असणारच, नाहीतर ते लोक एवढा आरडाओरडा कशाला करतील! अशा प्रश्नाला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणून मोकळे होता येत नाही, म्हणून मला नीट ठाऊक असलेल्या एकाच भांडणाबद्दल सविस्तर लिहिते.

एप्रिल १९९२च्या अखेरीस रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणारे पोलीस निर्दोष सुटले आणि लॉस एंजेलिस पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली. त्यानंतर १९ मे रोजी तेव्हाचे उपाध्यक्ष डॅन क्वेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या कॉमनवेल्थ क्लबमध्ये भाषण केले. दंगलीचे मूळ मूल्यांच्या दारिद्र्यात आहे, कुटुंबे मोडली आहेत, वडिलांवाचून वाढणारी मुले गुन्हेगारीकडे वळतात, असा त्यांचा एकूण रोख होता. त्या लांब भाषणात, शेवटाकडे, ‘मर्फी ब्राउन’ या लोकप्रिय मालिकेचा उल्लेख आला. तिची नायिका मर्फी, म्हणजे वॉशिंग्टनमधली एक यशस्वी, चाळिशी ओलांडलेली वृत्तनिवेदिका, हिने लग्नावाचून मूल जन्माला घातले, तो भाग आदल्याच रात्री दाखवला गेला होता. एकटीने मूल वाढवणे ही केवळ जीवनशैलीची निवड आहे असे दाखवून ती वडिलांच्या महत्त्वाची टिंगल करते, असे क्वेल म्हणाले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत बाकीचे भाषण वाहून गेले आणि तेवढे एक वाक्य उरले.

आता गंमत पाहा. मालिकेत त्या बाळाचा बाप म्हणजे मर्फीचा घटस्फोटित नवरा. स्वतःचे भटके आयुष्य सोडायला तयार नसल्यामुळे तोच निघून गेला होता. म्हणजे वडिलांची टिंगल कोणी केलीच असेल, तर ती पळून गेलेल्या वडिलांनी. शिवाय ज्या वस्त्या जळल्या, तिथल्या मुलींनी वॉशिंग्टनच्या लठ्ठ पगाराच्या गोऱ्या निवेदिकेकडे पाहून संसार मोडले, हे कोणाला पटावे? १९६०मध्ये अमेरिकेत जन्मलेल्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ५ अविवाहित मातांची होती. ही मालिका १९८८ साली सुरू झाली, तेव्हाच ते प्रमाण २५च्या वर गेले होते, १९९२मध्ये ३० झाले आणि आज ते ४०च्या आसपास आहे. कारखाने बंद पडले, हाताला काम नसलेले पुरुष लग्नाच्या बाजारातून उठले, कितीतरी तुरुंगात गेले, लग्नाबाहेरच्या मातृत्वावरचा सामाजिक धाकही ओसरला. यातल्या शेवटच्या कारणाला टीव्हीने हातभार लावला असेल, हे मी मान्य करते. पण आधीच्या कारणांना चेहरा नसतो, आणि सभेत रागवायला चेहरा लागतो.

दुसऱ्या बाजूचे वागणेही मला फारसे शहाणपणाचे वाटत नाही. हॉलिवूडने क्वेल यांची इतकी चेष्टा केली, की ‘मुलाला वडील हवेत’ हे साधे विधानही हास्यास्पद ठरावे. जूनमध्ये एका शाळेत त्यांनी बटाट्याच्या इंग्रजी स्पेलिंगला एक जादा अक्षर जोडायला लावले आणि मग तर विचारायलाच नको. सप्टेंबरमध्ये मालिकेने त्यांच्या भाषणाला पडद्यावरूनच उत्तर दिले, आणि उपाध्यक्षांनी त्या काल्पनिक बाळासाठी खेळण्यातला हत्ती, म्हणजे आपल्या रिपब्लिकन पक्षाचे चिन्ह, भेट म्हणून पाठवले. देशाचा एवढा गंभीर प्रश्न अखेर खेळण्यापर्यंत आला! नोव्हेंबरमध्ये अध्यक्ष थोरले बुश आणि क्वेल निवडणूक हरले. नंतर मात्र मर्फीची भूमिका करणाऱ्या कँडिस बर्गन यांनीच सांगितले, की ते भाषण मुळात समंजस होते आणि वडिलांना वगळता येत नाही हे आपल्यालाही मान्य आहे.

आई, तुझ्या म्हणण्याला आधार देणारेही एक उदाहरण आहे. १९९५मध्ये स्त्रियांविषयी अत्यंत गलिच्छ भाषा वापरणाऱ्या रॅप गाण्यांविरुद्ध सी. डेलोरेस टकर उभ्या राहिल्या. त्या नागरी हक्कांच्या चळवळीतल्या कृष्णवर्णीय कार्यकर्त्या, पक्षाने डेमोक्रॅट. तरीही रिपब्लिकन विल्यम बेनेट यांच्याबरोबर त्यांनी टाइम वॉर्नर या कंपनीला धारेवर धरले, आणि त्याच वर्षी कंपनीने संबंधित संगीत कंपनीतला आपला हिस्सा विकला. यात मी निःसंकोचपणे टकरबाईंच्या बाजूची आहे, कारण त्यांनी काल्पनिक पात्राला नव्हे, तर नफा मोजणाऱ्यांना जाब विचारला. त्याच सुमारास सिनेटर बॉब डोल यांनीही लॉस एंजेलिसला जाऊन हॉलिवूडची कानउघाडणी केली, पण कुटुंबाने पाहण्याजोग्या चित्रपटांत त्यांनी ‘ट्रू लाइज’चे नाव घेतले. त्यात माणसे धडाधड मारली जातात. नायक श्वार्झनेगर मात्र त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाचे समर्थक. बाबा, अशी निवडक नजर दिसली, की टीका खरी असली तरी टीकाकारावरचा माझा विश्वास डळमळतो.

क्वेल यांचे मूळ भाषण मिळवून छापून ठेवले आहे. पुढच्या टपालात पाठवते. मालिकेचा उल्लेख कुठे आहे हे मी मुद्दाम खुणा करून दाखवत नाही; आधी सगळे वाचा आणि तुम्हाला त्यात कोणती वाक्ये महत्त्वाची वाटली ते कळवा.

तुमची लेक