जुन्या क्लचची धूळ हवेने उडवू नये

महोदय,

धरमपेठेतल्या आमच्या अंगणात मी नुकताच १९६७ सालच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारचा क्लच बदलला. या गाडीत नुसता गिअरबॉक्स उतरवून भागत नाही. चेन पुली लावून इंजिनच बाहेर काढावे लागते, आणि नागपूरच्या मे महिन्यात हे काम पहाटेच उरकावे, हे वेगळे सांगायला नको. प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. मदतीला आलेल्या मुलाने सवयीने हवेचा पाइप उचलताच मी त्याला थांबवले, कारण जुन्या प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असू शकते आणि त्याची धूळ फुप्फुसात गेल्यास आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बंद करावे, एवढी दक्षता गॅरेजवाल्यांनीही घ्यावी, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर