भरीत पार्टी आणि रक्त पातळ करणारी गोळी

महोदय,

थंडी पडली की आमच्या जळगाव जिल्ह्यात शेताशेतांत भरीत पार्ट्या सुरू होतात. पऱ्हाट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या आणि अंधार पडला की बाटली. मागच्या हिवाळ्यात माझे मोठे भाऊ अशाच एका पार्टीला गेले. हृदयाची झडप बदललेली, रोज वॉरफेरिनची, म्हणजे रक्त पातळ करणारी, गोळी. "रोज कुठे घेतो? वर्षातून दोनदा!" असं म्हणत त्यांनी मात्र भरपूर घेतली. तिसऱ्या दिवशी दात घासताना बेसिन लाल झालं, शौचाला डांबरासारखी काळी झाली. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा; जितका जास्त तितकं रक्त पातळ) तपासला तर ६ च्या वर. त्यांचा हवा २.५ ते ३.५.

एकदम जास्त दारू पोटात गेली की यकृत तिच्याच मागे लागतं, वॉरफेरिनची गोळी मोडायची राहते आणि गोळीचा असर वाढतो. रोज पिणाऱ्याचं बऱ्याचदा उलटं होतं, असर कमी पडून गुठळीची भीती. ॲपिक्साबॅनसारख्या रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही, पण दारूने पोटातून रक्त जायचा धोका त्यांनाही आहेच. वर सकाळी डोकं धरलं म्हणून ॲस्पिरिन घेतली तर विचारूच नका, तीही रक्तस्रावाचा धोका वाढवते. मोहाची 'घरची' असते म्हणून चालते, हेही ऐकलंय मी!

भावाच्या डिस्चार्ज कार्डावर दारूबद्दलची ही सूचना होती. बारीक अक्षरात, इंग्रजीत. वहिनी मराठी चौथी शिकलेल्या. औषधाचं पाकीट त्याच भरतात. त्या पाकिटावर मराठीत एक ओळ लिहायला दवाखान्याला किंवा मेडिकलवाल्याला किती वेळ लागतो?

– एक वाचक, यावल