शिंप्याची टेप आणि बुधवारची दुपार

आदरणीय मॅडम,

निवृत्तीच्या दिवशी तुम्ही कुणालाच भाषण करू दिलं नाहीत. केक कापलात, 'राउंड राहिलाय' म्हणालात आणि गेलात. म्हणून आता हे चारचौघांत लिहितेय. रागावलात तरी चालेल.

भूलशास्त्रातल्या एमडीचं माझं पहिलं वर्ष होतं. जुलैचा धो धो पाऊस. आयसीयूत सत्तरीतल्या एक मावशी, लेप्टोने (लेप्टोस्पायरोसिस, पावसाळ्यातला जंतुसंसर्ग) फुफ्फुसं भरलेली, व्हेंटिलेटरवर. मी राउंडला घडाघडा म्हणून दाखवलं, 'एआरडीएस, टायडल व्हॉल्यूम 6 मिली पर किलो.' म्हणजे फुफ्फुसं सुजून पाण्याने भरलीयत, तेव्हा प्रत्येक श्वासाला वजनाच्या किलोमागे 6 मिली हवा. तुम्ही विचारलंत, 'कुठले किलो गो? उंची कोणी मोजली?'

कुणीच नाही. तुम्ही ॲप्रनच्या खिशातून शिंप्याकडे असते तसली पिवळी टेप काढलीत, एक टोक मला मावशींच्या टाचेशी धरायला लावलंत आणि दुसरं डोक्यापर्यंत नेलंत. 155 सेंटिमीटर. आम्ही नजरेने 165 लिहून मोकळे झालो होतो. उंचीवरून येणारं वजन त्यामुळे 48 ऐवजी 57 किलो धरलं गेलं होतं आणि प्रत्येक श्वासाला पन्नासेक मिली हवा जास्त जात होती. माणूस जाड झाला म्हणून फुफ्फुस वाढत नाही, ते उंचीच्या हिशेबात असतं, हे आम्ही वाचलेलं होतं. एआरडीएसनेट या अमेरिकन संशोधकगटाचा 2000 सालचा पेपरही तोंडपाठ होता: 861 रुग्ण, किलोमागे 12 मिलीऐवजी 6 मिली दिले तर मृत्यू 39.8 टक्क्यांवरून 31 टक्क्यांवर. फक्त त्या पेपरमागची टेप आमच्यापैकी कुणाला दिसली नव्हती.

नजरेचा अंदाज आणि टेप यांत किती फरक पडतो, हाच माझा थिसिस झाला. सीनियर हसले. 'दोन औषधांची तुलना घे, साठ केसेस कर, सुटशील.' त्यांचंही खोटं नव्हतं. आपल्याकडचे बहुतेक थिसिस बाइंडिंग होऊन कपाटात जातात आणि तिथेच पिवळे पडतात.

खरी फजिती पुढे झाली. गणेश चवथीच्या आधी मी बावीस फॉर्म भरून तुमच्या टेबलावर ठेवले, शाबासकीच्या आशेने. तुम्ही दोन-चार चाळलेत आणि विचारलंत, 'सिस्टरना अंदाज कधी विचारलास, टेप लावण्याआधी की नंतर?' मी उलटसुलट विचारला होता, जसं जमेल तसं. आकडा समोर दिसल्यावर अंदाज कसला! बावीसच्या बावीस फॉर्म बाद. दोन महिने पाण्यात. मी वॉशरूममध्ये जाऊन रडले, हे तुम्हाला आज पहिल्यांदा कळतंय.

तुम्ही ओरडला नाहीत. एवढंच विचारलंत, 'हे फॉर्म कधी भरायचीस?' नाइट ड्युटी संपल्यावर, अर्धवट झोपेत, असं मी सांगितलं. पुढच्या बुधवारी लिस्ट लागली तेव्हा दुपारच्या ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) माझ्या नावावर काट मारलेली होती आणि त्यावर तुमचं नाव होतं.

मॅडम, माझे आभार खरं तर या एका काट मारलेल्या नावासाठी आहेत. अमेरिकेत एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेच्या के-08, के-23 अनुदानांत तरुण डॉक्टरचा साधारण 75 टक्के वेळ संशोधनासाठी राखून ठेवावा लागतो, हे तुम्हीच सांगितलं होतंत. 'आपल्याकडे तसं काही नाही, पण एक दुपार माझ्या हातात आहे.' मी हिशेब केला. आठवड्याच्या बारा अर्ध्या दिवसांतला एक, म्हणजे जेमतेम आठ टक्के. पण त्या आठ टक्क्यांसाठी वर्षभर तुम्ही हर्नियाच्या केसेसना हेड एंडला, म्हणजे पेशंटच्या डोक्याशी भूल सांभाळत, उभ्या राहिलात, गुडघे दुखत असताना. मी लायब्ररीत बसून एक्सेलशी भांडत असायचे आणि तुमचा उंडो (गोव्याचा पाव) आणि पातळभाजीचा डबा साडेतीनपर्यंत तसाच असायचा.

भूल देणाऱ्याला संशोधन कशाला, असं कुणी म्हणालं की तुम्ही 1952 चं कोपनहेगन काढायचात. पोलिओची साथ, श्वास थांबलेली मुलं, आणि ब्योर्न इब्सेन नावाचा भूलतज्ज्ञ ओटीबाहेर येऊन म्हणतो, गळ्यात नळी घालून हाताने श्वास देऊया. वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून दिवसरात्र बॅग दाबत बसले. आयसीयूची सुरुवात तिथून झाली. गोष्ट दहाव्यांदा ऐकतानाही आम्ही मान डोलवायचो, कारण ती सांगताना तुमचा हात आपोआप बॅग दाबायला लागायचा.

थिसिस पुरा झाला, पेपर दोनदा परत आला, तिसऱ्यांदा छापला. त्यावर तुमचं नाव शेवटी टाकलं, तेही भांडून.

आता माझ्याकडे पहिली विद्यार्थिनी आली आहे. मूळची पेडण्याची, हुशार, आणि माझ्यासारखीच घाईची. एथिक्स कमिटीची मंजुरी मिळालीय, सीटीआरआयचं, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतलं, रजिस्ट्रेशन चालू आहे. या बुधवारच्या लिस्टवर तिच्या नावावर काट मारलीय. दुपारी दोन हर्निया आणि एक अपेंडिक्स, हेड एंडला मी.

पिवळी टेप तुमच्या ड्रॉवरमध्ये राहिली होती. ती मी उचललीय. परत मिळणार नाही.

तुमची,
बुधवारवाली