क्योतोला निघण्याआधी

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

तुझा जपानमधल्या क्योतोचा कार्यक्रम वाचला. फुशिमी इनारी, कियोमिझु आणि किनकाकुजी ही देवळं आणि आराशियामाचा परिसर, हे सगळं तू एकाच दिवसात बसवलं आहेस. हे जमणार नाही. पहिलं दक्षिणेला, दुसरं पूर्वेला, तिसरं वायव्येला आणि चौथं पार पश्चिमेला. त्यात नोव्हेंबरअखेर तिथे पावणेपाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि बहुतेक देवळं साडेचार-पाचला बंद होतात. दिवसाला दोनच मोठी ठिकाणं घे आणि पहिलं भल्या पहाटे गाठ. क्योतोत गर्दी टाळायला पहाटेसारखा उपाय नाही.

फुशिमी इनारी चोवीस तास उघडं असतं, तिकीटही नाही. क्योतो स्टेशनवरून जेआर (जपान रेल्वे) नारा लाइनची लोकल पकड. जलद गाडी इनारीला थांबत नाही, हे नीट लक्षात ठेव. लोकलने दुसरंच स्टेशन, भाडं १५० येन, आणि बाहेर पडलं की समोरच देवळाची कमान. त्या केशरी कमानींच्या पहिल्या बोगद्यात सगळे फोटोसाठी अडतात, म्हणून गर्दी तिथेच तुंबते. तू थांबू नकोस. अर्ध्या-पाऊण तासाच्या चढणीनंतर योत्सुत्सुजी हा चौक लागतो, तिथून शहर दिसतं. बरेच जण इथूनच परततात, त्यामुळे पुढची वाट मोकळी मिळते. डोंगर २३३ मीटरचाच आहे, पण पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात आणि जवळजवळ सगळ्या पायऱ्याच आहेत. वर जाताना कमानी कोऱ्या दिसतात. मागे वळून पाहिलंस की खांबांवर काळ्या अक्षरांत देणगीदाराचं नाव आणि तारीख दिसेल. लाकूड पावसाने बुंध्याशी कुजतं, मग जुनी कमान काढून नवी उभी करतात. कोल्ह्यांच्या मूर्तींची तोंडंही बघ, काहींच्या तोंडात धान्याच्या कोठाराची किल्ली असते. इनारी मुळात भातशेतीची देवता.

कियोमिझु सकाळी सहाला उघडतं, तिकीट ५०० येन. सूर्योदय साडेसहानंतरचा, म्हणजे उघडताच पोचलीस तर १३ मीटर उंच लाकडी सज्जावरून उजाडताना बघायला मिळेल. स्टेशनवरून बस घेऊ नकोस. जेआरने तोफुकुजीला उतर, तिथेच केइहान लाइनची गाडी पकड आणि कियोमिझु-गोजोला उतरून वीस-पंचवीस मिनिटं चढ. बस ज्या हिगाशियामाच्या रस्त्याने जाते तो दिवसभर तुंबलेला असतो. बॅगा घेतलेले प्रवासी आणि रोजचे क्योतोकर एकाच बसमध्ये कोंबले जातात, आणि त्याचा त्रास तिथल्या म्हाताऱ्या माणसांना होतो. किनकाकुजीलासुद्धा कारासुमा भुयारी रेल्वेने किताओजीपर्यंत जा आणि शेवटच्या टप्प्यापुरती बस घे. बसमध्ये मागच्या दाराने चढायचं, पुढच्या दाराने उतरायचं आणि उतरताना २३० येन द्यायचे. पैशांच्या पेटीतून सुटे परत येत नाहीत. हजाराची नोट शेजारच्या यंत्रात आधी मोडून घे. दहा हजाराची तिथे चालत नाही. त्यापेक्षा इकोका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवासाचं कार्ड घे. ते २००० येनला मिळतं, त्यातले ५०० अनामत. जुन्या मार्गदर्शिकांमध्ये फक्त बसचा दिवसभराचा पास लिहिलेला असतो, तो आता बंद आहे. भुयारी रेल्वे आणि बसचा मिळून ११०० येनचा पास मात्र मिळतो.

तुझ्या यादीत सान्जुसान्गेन्दो हे बौद्ध मंदिर नाही, ते घातल्याशिवाय जाऊ नकोस. कियोमिझुहून पायी साधारण अर्धा तास. नोव्हेंबरच्या मध्यानंतर ते नऊला उघडतं आणि चारला बंद होतं. सुमारे १२० मीटर लांबीच्या सभागृहात कान्नोनच्या, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराच्या, १००१ मूर्ती आहेत. मधली बसलेली मूर्ती तान्केइ या शिल्पकाराने १२५४ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी पूर्ण केली. पण तू पुढच्या ओळीतल्या २८ रक्षकांपाशी वेळ काढ. त्यात ब्रह्मा आहे, इंद्र आहे, आणि पंख पसरून बासरी वाजवणारा गरुड आहे. विष्णूचं वाहन हातात बासरी घेऊन उभं असलेलं आपल्याकडच्या देवळांत पाहायला मिळत नाही. चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर हे देव तिथे गेले आणि तिथलेच झाले. आत फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि लाकडी जमीन गार असते, जाड मोजे घाल.

फुशिमी इनारीसारख्या शिंतो, म्हणजे जपानच्या मूळ धर्माच्या, देवळात आधी हात धुवायचे: उजव्या हातात पळी घेऊन डावा हात, मग डाव्यात घेऊन उजवा. चूळ भरायची तर पाणी डाव्या ओंजळीत घ्यायचं, पळीला तोंड लावायचं नाही. देवापुढे दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात टाळ्या नाहीत, नुसते हात जोडायचे. गिओन या गेइशांच्या वस्तीतल्या खासगी गल्ल्यांत शिरू नकोस, पाट्या आहेत आणि दंड १०,००० येन आहे. गेइशांच्या मागे फोन घेऊन धावणाऱ्यांमुळे ही वेळ आली.

सात दिवसांचा रेल्वे पास २०२३ मध्ये ५०,००० येन झाला. टोकियो-क्योतो एकदा जाऊन यायला तो परवडत नाही, सुटी तिकिटं काढ. जाताना बुलेट ट्रेनमध्ये उजवीकडची ‘ई’ सीट घे, हवा स्वच्छ असली तर पाऊण तासाने फुजी दिसेल. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली तर तिच्यासाठी जागा आधी राखावी लागते. सोपं म्हणजे हॉटेलातून ती कुरिअरने पुढे पाठवायची. बहुधा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून एका रात्रीचे कपडे जवळ ठेव.

जेवणाचं सांगते. तू शाकाहारी आहेस, पण नुसतं ‘मांस नको’ म्हणालीस तर उडॉनचा (जाड शेवयांचा) रस्सा माशाचाच येईल. तिथला नेहमीचा दाशी, म्हणजे रश्श्याचं मूळ पाणी, धुरावर सुकवलेल्या ट्यूना जातीच्या माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, भाजीचा शिजवलेला पदार्थ, तळलेल्या टोफूवरचा रस, सगळ्यात तो असू शकतो, आणि वाढणाऱ्याला ते मांसाहारी वाटतच नाही. म्हणून ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, कात्सुओ नो दाशि मो दामे देस’ (मांस-मासे खात नाही, माशाचा दाशीही चालत नाही) हे जपानीत लिहून फोनमध्ये ठेव आणि मागवण्याआधी दाखव. आराशियामाला तेन्र्यूजी मंदिराच्या आवारात शिगेत्सु नावाचं भोजनालय आहे, तिथे भिक्षूंचं शोजिन, म्हणजे शुद्ध शाकाहारी, जेवण मिळतं: कांदा-लसूणही नाही. जागा निघण्याआधीच राखून ठेव.

तुझी,
आई