दस्त मोठ्यानं वाचणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

स. न. वि. वि.

दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून तुमचं टेबल. दिवसभर माणसांची रीघ असते, त्यामुळं आम्ही दोघी बहिणी तुमच्या लक्षात असू की नाही कोण जाणे. खूण सांगते. वडिलांच्या जमिनीतला आमचा हिस्सा भावांसाठी सोडायचं हक्कसोडपत्र करायला आलो होतो. मोठा भाऊ सारखा घड्याळ बघत होता आणि धाकट्याच्या हातात साड्यांची पिशवी होती. सही झाली की आम्हाला द्यायच्या साड्या, आधीच आणून ठेवलेल्या.

तुमचे आभार राहून गेले होते. ते असे चारचौघांत मानते आहे, कारण जे केलंत ते तुमच्या कामात धरलेलं नव्हतं. तुमचं काम दस्त टाइप करून लिहिणावळ घ्यायची. भावानं फोनवर सांगितल्याप्रमाणे दस्त तयारही होता. आम्ही पेन हातात घेतलं, तेवढ्यात तुम्ही चष्मा लावून म्हणालात, "थांबा, आधी ऐका."

आणि मोठ्यानं वाचायला लागलात. वडिलांनी आमच्या लग्नात यथाशक्ती खर्च केलेला असल्याने व आमचे सासरी सुखात चालले असल्याने... ताई मधेच म्हणाली, "हे आम्ही कुठं म्हटलं?" दाजींचं आजारपण चालू होतं, ती तेव्हा दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. तुम्ही मान हलवलीत आणि पुढं वाचत राहिलात. गट नंबर, क्षेत्र, विहिरीतला हिस्सा, कोणताही मोबदला न घेता, कोणाच्याही दबावाशिवाय राजीखुशीने. विहिरीतही आपला हिस्सा असतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. त्या विहिरीचं पाणी शेंदत आम्ही मोठ्या झालो.

मोठा भाऊ वैतागला. "सगळेच करतात की हो. नावं वाढली की सोसायटीच्या कर्जाला एकेकीची सही आणत फिरायचं का?" त्याचं अगदीच खोटं नव्हतं. खातेदार वाढले की संमतीसाठी हेलपाटे पडतात, आणि तुम्हीही ते नाकारलं नाहीत. एवढंच म्हणालात, "सोडायचं तर सोडू देत की. पण काय सोडतात ते त्यांना कळू दे." मग आमच्याकडं वळून सांगितलंत की कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती आहे, बायकांना तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. हक्क घ्या असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. सल्ले देणारे पुष्कळ भेटले. माहेर तुटेल म्हणणारे होते, तसे भावांना कोर्टात खेचा म्हणणारेही होते.

समितीतल्या वकीलताईंनी कागद बघितले. वडिलांनी स्वतः विकत घेतलेल्या तुकड्याचा प्रश्नच नव्हता. मृत्युपत्र नसेल तर त्यात मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. गुंता वडिलोपार्जित रानाचा. महाराष्ट्रानं १९९४ साली मुलींना त्यात मुलाच्या बरोबरीनं हिस्सा दिला, पण ज्यांची लग्नं आधी झाली त्यांना वगळून. ताईचं लग्न १९८९ चं. भावांच्या तोंडात हेच होतं, की चौऱ्याण्णवच्या आधीच्यांना काही नाही. गावात कायदा असाच पोचतो, अर्धा, आणि नेमका सोयीचा अर्धा. पुढचं वकीलताईंनी सांगितलं. ९ सप्टेंबर २००५ ला केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि लग्नाची अट गेली. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो, २००५ मध्ये वडील हयात असोत नसोत.

मग भावांनी एक वही काढली. १९९८ मध्ये घरगुती वाटणी झाली म्हणे, खाली पंचांच्या सह्या. २० डिसेंबर २००४ पूर्वी नोंदणी करून किंवा कोर्टाच्या हुकमानं झालेली वाटणी कायदा मोडत नाही, हे खरं. पण तोंडी वाटणी सहसा मानत नाहीत, तिला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. आमचा सातबारा तर वडील जाईपर्यंत त्यांच्या एकट्याच्या नावावर होता. वही परत पेटीत गेली.

तुमच्या टेबलाच्या काचेखाली बाबासाहेबांचा फोटो आहे. बायकांना वारसाहक्क देऊ पाहणारं हिंदू कोड बिल रखडलं म्हणून त्यांनी १९५१ साली कायदामंत्रिपद सोडलं, हे शाळेत पाठ केलं होतं. ते बिल आमच्या विहिरीपर्यंत येतं, हे कुणी शिकवलं नाही.

आता सातबाऱ्यावर आई, दोघं भाऊ आणि आम्ही दोघी, अशी पाच नावं आहेत. ताईनं विहिरीलगतचा तुकडा मागून घेतला, त्यात ती कांदा करते. मी माझा हिस्सा सोडलेला नाही, पण कसायला धाकट्याकडेच ठेवलाय, आईला तोच बघतो. सोसायटीच्या कर्जाला माझी सही लागली तेव्हा सकाळच्या एसटीनं गेले आणि संध्याकाळी परत आले. सगळं गोड झालं असं मात्र लिहिणार नाही. धाकटा भाऊबीजेला येतो, मोठा येत नाही. त्याचं वाईट वाटतं, पण हक्कसोडीवर सही केली असती तर वाटलं नसतं असंही नाही. तेव्हा ताईचं वाटलं असतं.

आणि एक काम आहे. माझ्या सासऱ्यांचं वर्षश्राद्ध नुकतंच झालं. दोन्ही नणंदांच्या हक्कसोडीचा विषय घरात निघाला आहे, आणि साड्यांचाही. ह्या खेपेला फायदा माझ्या नवऱ्याचा, म्हणजे माझाच. मी घरात सांगितलंय की दस्त तुमच्याकडेच करायचा, आणि त्याआधी दोघींनी वकीलताईंना भेटून यायचं. पुढच्या सोमवारी सगळ्यांना घेऊन येते. त्यांना आधी सगळं वाचून दाखवा, विहिरीसकट. नंतर त्या सही करोत की उठून जावोत, लिहिणावळ ह्या वेळी घ्यायचीच. मागची बुडालेलीसुद्धा.

आपली कृतज्ञ,
हक्कसोड न केलेली धाकटी बहीण