जुन्या ग्रँड व्हिटाराच्या व्हायझरबद्दल काकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सादर नमस्कार. आपले नाव आणि दुकानाचा पत्ता कोठेही छापू नये, असे आपण निक्षून सांगितल्यामुळे हे पत्र केवळ ‘काका’ या संबोधनाने लिहीत आहे. ज्यांना ओळख पटायची त्यांना ती पटेलच. आमच्या २००७ सालच्या सुझुकी ग्रँड व्हिटारासाठी आपण मिळवून दिलेल्या व्हायझरनी, म्हणजे खिडक्यांच्या वरच्या कडेला टेपने चिकटवायच्या ॲक्रिलिकच्या पट्ट्यांनी, यंदाचा संपूर्ण पावसाळा झेलला, हे कळवावे आणि आपले मनापासून आभार मानावेत, यासाठी हा पत्रप्रपंच.

व्हायझरसारख्या लहान वस्तूसाठी एवढी धावपळ कशाला, असे अनेकांनी विचारले. माझ्या आईला एसी सोसत नाही. बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला, म्हणजे मलप्रभेच्या उगमाकडे, आषाढात जाताना काचा बंद ठेवल्या तर आतून वाफ धरते आणि बोटभर उघडल्या तर मागे बसलेल्या आईच्या खांद्यावर पाणी येते. खिडकीवर व्हायझर असला की काच थोडी खाली ठेवता येते, हवा खेळती राहते आणि पाणी बाहेरच्या बाहेर ओघळून जाते. आमच्यासाठी ती शोभेची वस्तू नव्हती.

ही गाडी जपानमध्ये पूर्ण तयार होऊन भारतात येत असे आणि तिची विक्रीही मोजकीच झाली, त्यामुळे तिचे सुटे भाग आधीच दुर्मिळ. त्यात २०२२ साली त्याच नावाची नवी गाडी बाजारात आली. ती आपल्याच कर्नाटकात, बिडदीच्या टोयोटा कारखान्यात तयार होते, आणि नाव सोडले तर जुन्या गाडीच्या दारांशी तिच्या दारांचे काहीही साम्य नाही. तरीही ‘ग्रँड व्हिटाराचे व्हायझर’ म्हटले की सगळीकडे नव्या गाडीचाच खोका पुढे येई. ऑनलाइन मागवलेला संचही तसाच निघाला, आणि एका ठिकाणी तर तो गरम करून वाकवून बसवून देण्याची तयारी दाखवण्यात आली.

आपण मात्र आधी चॅसिस क्रमांक लिहून घेतलात. ही गाडी जपानात ‘एस्कुडो’ या नावाने विकली जात असे, तेव्हा चौकशी त्या नावानेही करायला हवी, हे मला आपल्याकडूनच कळले. तिच्यात तीन दारी आणि पाच दारी असे दोन प्रकार होते. पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर एकीचे २२०० आणि दुसरीचे २६४० मिलिमीटर, आणि तीन दारी गाडीचे पुढचे दार लांब असल्याने तिचा व्हायझर आमच्या गाडीला चालणार नाही, हेही आपण समजावलेत. मग खाकी कागद दाराला चिकटवून खिडकीच्या वरच्या कमानीचा छाप पेन्सिलीने उतरवून घेतलात. त्या छापाशी जवळपास जुळणारा, दुसऱ्याच गाडीचा एक संच आपल्या फळीवर होता. मी तो आनंदाने घेतला असता. पण मागच्या कोपऱ्यात बारीक फट राहील, घाटात वारा तिथूनच शिरेल आणि टेप सोडवील, असे सांगून आपण तो परत फळीवर ठेवलात. काका, या पत्राचे खरे कारण ती नाकारलेली विक्री आहे. गिऱ्हाईक पैसे हातात घेऊन उभे असताना ‘हे तुमच्या गाडीचे नव्हे’ असे म्हणणारा दुकानदार मला तोवर भेटला नव्हता.

त्यानंतर आपण हुबळीशी कन्नडमध्ये, कोल्हापूरशी मराठीत आणि मडगावशी कोंकणीत फोनवर बोलत राहिलात. अखेर मडगावच्या एका जुन्या गोदामात न उघडलेला संच असल्याचे कळले, तेव्हा खात्रीसाठी तो खाकी कागद बसने चोर्ला घाटातून गोव्याला गेला, आणि त्याच वाटेने संच आला.

संच नवा असला तरी वर्षानुवर्षे पडून राहिल्याने त्याची दुहेरी टेप कडक झाली होती. ती सोडवताना आपण तंगूस वापरलीत आणि थिनरला हातही लावू दिला नाहीत, कारण ॲक्रिलिकला थिनर लागला की त्यावर बारीक तडे जातात. व्हायझर साबणाच्या कोमट पाण्याने आणि दाराचा रंग स्पिरिटने पुसून, नवी टेप लावून, एकेक दार घेत आपण काम केलेत. पहिल्या दिवशी वळवाचे ढग दिसताच मला परत पाठवलेत, तेव्हा मी थोडा नाराज झालो होतो. पण ओल्या पृष्ठभागावर टेप धरत नाही आणि तिची पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, हे ऐकल्यावर तो दिवस वाया गेला असे वाटले नाही. एवढे करून आपण घेतलेत ते संचाचे पैसे आणि टेपेची किंमत. मजुरीचा विषय मी काढला, तर आपण चहा मागवलात.

तो खाकी कागद आपण गाडीचे नाव घालून दुकानात जपून ठेवला आहे, हे पाहून फार बरे वाटले. निपाणी, चिकोडी, खानापूर या भागांत अशा आणखी काही गाड्या आहेत. त्यांच्या मालकांना तो उपयोगी पडेल.

डाव्या बाजूच्या मागच्या व्हायझरचे एक टोक आपल्या नजरेखालून घालावे असे वाटते, म्हणून दसऱ्यापूर्वी गाडी घेऊन येईन. आईलाही आपल्याला भेटायचे आहे. तीही सोबत असेल.

आपला कृतज्ञ,
एक ग्रँड व्हिटाराधारक
टिळकवाडी, बेळगाव